बाग पाहण्यासाठी की बसण्यासाठी?

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की नांदुऱ्याच्या रेल्वे स्थानकावर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास स्थायिक झालेली मुले सुट्टीत गावी येतात आणि परतताना आईवडिलांनाही आपल्याबरोबर नेतात. येथले ऊन कडक, पाण्याची ओढ, तेव्हा दोन महिने आमच्याकडे चला, असा त्यांचा आग्रह असतो. त्या आग्रहात माया असते, कर्तव्यबुद्धी असते आणि थोडासा अभिमानही असतो. कारण नव्या घराचे वर्णन करताना ‘आमच्या इमारतीला मोठी बाग आहे’ हे वाक्य हमखास येते. पुढे मृगाच्या सुमारास ही वडीलधारी मंडळी गावी परत येतात. त्यांना त्या बागेविषयी विचारावे, तर पुष्कळांचे उत्तर एकच असते : बाग सुरेख आहे, पण तिथे बसवत नाही.

या साध्या उत्तरात आजच्या नगररचनेवर जी टीका सामावलेली आहे, ती तज्ज्ञांच्या अनेक अहवालांहून अधिक मर्मग्राही आहे असे आम्हांस वाटते. बाग सुरेख असून तिथे बसवत नसेल, तर ती कोणासाठी केली, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाने या प्रश्नाची उठाठेव कशासाठी करावी, असे कोणी म्हणेल. आमच्या क्षितिजावर उंच म्हणून नजरेत भरते ती महामार्गाकाठची १०५ फुटी हनुमानमूर्ती. तिच्याशी स्पर्धा करणारी घरे येथे उभी नाहीत, आणि ती लवकर उभी राहावीत अशी आमची इच्छाही नाही. परंतु शेती मोडून ले-आउट पडण्याचा वेग आणि एकावर एक मजले चढविण्याची हौस ही आता केवळ महानगरांची मक्तेदारी राहिलेली नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबई महापालिका व इतर काही मोजके प्रदेश वगळून साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. पुण्यास जी, तीच नांदुरा नगरपरिषदेस. नियम आले, जागेचे भाव आले, त्यांच्या मागोमाग इमारतीही येतील. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड या एका बाबतीत तरी सोडून द्यावी, म्हणून हा प्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. उंच इमारतींच्या बागांनी पुष्कळांना सुख दिले आहे. ज्या कुटुंबाचे आयुष्य चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले, त्यास इमारतीच्या आवारात चार झाडे आणि फिरावयास वाट मिळाली हे थोडे नव्हे. तेथे मोटारींचे भय नसते. मुलीबाळींना रात्री नऊ वाजताही निर्धास्त फेरी मारता येते. सकाळी ज्येष्ठांची मंडळे भरतात, गणेशोत्सवाचा मांडव पडतो, ओळखी होतात. शहरातील सार्वजनिक उद्यानांची जी दशा आहे ती पाहता, कुंपणाआतील ही सुरक्षितता लोकांना हवीशी वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही. आमचा आक्षेप बागेस नाही. बागेच्या नावाखाली जे विकले जाते आणि बाग म्हणून जे हाती पडते, त्यांतील अंतरास आहे.

सुख म्हणजे तरी काय? वऱ्हाडातील माणसास हे शिकविण्याची गरज नाही. वैशाखात दुपारी पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा निंबाखालची सावली आणि पत्र्याखालची सावली यांतील भेद येथल्या शाळकरी पोरासही समजतो. पत्रा तापतो आणि खाली बसलेल्यास भाजतो. निंब आपल्या पानांतून पाण्याची वाफ सोडतो आणि भोवतालची हवा निववतो. माणसाला लागणारा उष्मा केवळ हवेचा नसतो. भोवतालच्या भिंती, फरशा आणि दगड दिवसभर शोषलेली उष्णता त्याच्या अंगावर सतत फेकत असतात. म्हणूनच सूर्य मावळल्यावरही फरसबंद अंगणात बसवत नाही आणि शेणाने सारवलेल्या अंगणात बाज टाकून सुखाने झोप लागते. आता नव्या इमारतींच्या बागा पाहाव्यात. चकचकीत फरशी, सिमेंटचे ठोकळे, कडेने ताडाच्या जातीची शोभेची झाडे, मध्ये विलायती हिरवळ. ताडाची सावली किती पडते हे सांगणे नको. हिरवळ पाणी पिते पुष्कळ, परंतु डोक्यावर छाया धरीत नाही. चित्रात ही बाग मोहक दिसते, कारण चित्राला ऊन लागत नाही.

या बागा अशा का होतात, याचे कारण बरेचसे जमिनीखाली, किंबहुना जमिनीच्या अभावी, सापडते. मोटारी ठेवण्यासाठी इमारतीच्या पायथ्याशी दोन-चार मजल्यांचे कोठार बांधावयाचे आणि त्याच्या छतावर माती पसरून बाग करावयाची, या रचनेस बांधकामाच्या व्यवहारात पोडियम म्हणतात. छतावरच्या मातीस जाडीची मर्यादा असते. कारण ओल्या मातीचा भार काँक्रीटने पेलावयाचा असतो आणि मुळांनी छत फोडले तर खालच्या मोटारी भिजावयाच्या असतात. तेव्हा वड, पिंपळ, चिंच, निंब हे वृक्ष तेथे निषिद्धच. उरतात ती कुंडीच्या स्वभावाची झाडे. ही युक्ती काही अगदी नवी नव्हे. मलबार टेकडीवरील प्रसिद्ध हँगिंग गार्डन १८८१ च्या सुमारास पाण्याच्या जलाशयाच्या छतावरच घातले गेले. तेथे कातरून हत्ती-घोड्यांचे आकार दिलेली झुडपे लोक कौतुकाने पाहतात. परंतु ते उद्यान शहराचे आहे, त्याच्याखाली शहराचे पाणी आहे, आणि ते कोणाच्या हक्काच्या जमिनीच्या बदल्यात दिलेले नाही. पोडियमच्या बागेविषयी असे म्हणता येईल काय?

उंचीची आणखी दोन संकटे आहेत. एक वाऱ्याचे. उंच भिंतीवर आदळलेला वारा पायथ्याशी उतरतो आणि दोन मनोऱ्यांमधील फटीत शिरून दुप्पट जोराने धावतो. त्यामुळे एका कोपऱ्यात पदर सावरणे कठीण, तर दुसऱ्या कोपऱ्यात पान हलत नाही, असा चमत्कार घडतो. दुसरे संकट अंतराचे. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी असे दाखवून दिले आहे की, पाचव्या मजल्याच्या वर राहणाऱ्याचा जमिनीशी असलेला संबंध तुटू लागतो. तेथून खालच्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. आमच्या वाड्यांतून स्वयंपाकघरातील आई अंगणातील पोराला हाक मारू शकत असे. विसाव्या मजल्यावरील आईला तसे करता येत नाही. मग मूल खाली एकटे पाठवावयाचे नाही, आणि बरोबर जावयास आईस सवड नाही; परिणामी बाग खाली आणि मूल वर, खिडकीशी. गुडघे दुखणाऱ्या आजोबांचीही तीच गत. लिफ्ट, लांब बोळ, पायऱ्या, उतार, एवढे ओलांडून बागेत जावे, आणि तेथे पाठ टेकावयास बाक नसावे!

बाकाचा विषय क्षुल्लक वाटेल, पण तो क्षुल्लक नाही. अमेरिकेतील विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कोठे रमतात आणि कोठून निघून जातात याचे बारकाईने निरीक्षण केले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचा एक निष्कर्ष ऐकून हसू येईल : जेथे बसावयास जागा असते तेथे लोक बसतात. कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेले चौक ओस का पडतात याचे उत्तर शोधता शोधता तो या निष्कर्षास पोचला. आमच्या गावातील पार बांधणाऱ्या गवंड्यास ही गोष्ट कोणी सांगावी लागली नव्हती. झाड आधी, त्याभोवती बसता उंचीचा ओटा नंतर, आणि त्यावर कोणी बसावे यास मज्जाव नाही.

मज्जाव हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. अनेक संकुलांच्या बागांतून पाट्यांचे जेवढे पीक आहे तेवढे फुलांचे नाही. हिरवळीवर चालू नये, चेंडू खेळू नये, मोठ्याने बोलू नये, अमुक वेळेनंतर बसू नये. काही ठिकाणी तर घरकाम करणाऱ्या बायांनी बाकावर बसू नये, असेही दंडक केले जातात. ज्या बाईच्या श्रमावर पाच घरांची सकाळ उभी राहते, तिने दोन कामांच्या मधल्या अर्ध्या तासात झाडाखाली टेकू नये, हा नियम करणाऱ्यांना सुखाचा अर्थ समजला आहे असे आम्ही मानीत नाही. या बायांपैकी कितीतरी आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतूनच दुष्काळामागून दुष्काळ सोसून शहरात गेलेल्या आहेत, हेही विसरता कामा नये.

सावली, बाक, झुळूक ही सारी चैन आहे, गरिबांच्या देशात आधी घर मग बाग, असा युक्तिवाद करणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्याने ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत पाहत पडलेल्या रोग्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामके कमी लागली. रोगी थोडे होते, तेव्हा त्यावरून फार मोठे सिद्धान्त काढू नयेत. तथापि झाड हे औषधाच्या कोटीत जाऊ शकते एवढे तरी त्यावरून दिसते. औषध हे काही श्रीमंतांपुरते नसते.

उंच इमारत म्हटली की हे सारे अटळ आहे, असेही नाही. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत बांधलेली आणि १९८३ साली पूर्ण झालेली कांचनजंगा ही इमारत पाहावी. ८४ मीटर उंच, २८ मजली आणि अवघी ३२ घरे. मुंबईत वारा व समुद्रदर्शन हवे तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवावे लागते. पण प्रखर ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशांनी येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच उपाय आकाशात उचलून नेला आणि कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंचीच्या सज्जा-बागा खोदल्या. ही घरे धनिकांची आहेत, हे खरे. परंतु कल्पना धनिकांची नाही. ती आमच्या ओसरीची आहे. घर आणि अंगण यांच्यामधली, आतही नाही आणि बाहेरही नाही अशी ती जागा, जेथे आजी तांदूळ निवडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. सिंगापूरच्या शासनाने तर सामान्य नागरिकांसाठी बांधलेल्या पिनॅकल या ५० मजली वसाहतीत २६ व्या व ५० व्या मजल्यांवर सात इमारतींना जोडणाऱ्या बागा दिल्या. ते काम २००९ साली पुरे झाले. तेव्हा पैसा नाही, तंत्र नाही, ही सबब पुरती खरी नाही. उणीव आहे ती, राहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवण्याची.

कायद्याने या माणसाकडे अगदीच पाठ फिरविली होती असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत भूखंडाच्या आकारमानानुसार १५, २० वा २५ टक्के जागा रहिवाशांच्या विहारासाठी मोकळी ठेवण्याचे बंधन होते. ही जागा पोडियमवर दाखवून जमीन मोकळी करून घेण्याची वहिवाट पडली, तेव्हा मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या खटल्यात १७ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निर्णय दिला : नियमाने जी किमान मोकळी जागा ठेवावयाची ती जमिनीवरच हवी, पोडियमवर बाग करावयाची तर ती त्याहून अधिक म्हणून करावी. हा निर्णय देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती ह. ल. गोखले होते. माती ती मातीच आणि छत ते छतच, हे सांगावयास देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले! पुढे २०१८ साली अमलात आलेल्या मुंबईच्या नव्या नियमावलीत मात्र या किमान जागेचा काही हिस्सा पोडियमवर नेण्यास पुन्हा वाट करून देण्यात आली. न्यायालयाने लावलेले दार शासनाने किलकिले केले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

या प्रकरणात आम्हा वऱ्हाडकरांस विशेष खंत वाटावी अशी एक गोष्ट आहे. १८६७ साली रूळ नागपुरास पोचले, १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईकडे वाहू लागला. त्या कापसावर गिरणगाव पोसले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासात तिचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी शहरास, एकतृतीयांश घरांसाठी शासनाच्या गृहनिर्माण मंडळास व एकतृतीयांश मालकास, अशी वाटणी व्हावयाची होती. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. जेथे कामगारांच्या नातवंडांसाठी मैदाने व्हावयाची, तेथे मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या पोडियमवर ताडाची झाडे लागली. संधी एकदा गेली की ती गेली. जमीन पुन्हा निर्माण होत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. नव्या नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात १० टक्के क्षेत्र रहिवाशांसाठी मोकळे सोडावे लागते. आमच्याकडील बोलीत या तुकड्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात, आणि तो शब्दश: ओपनच राहतो : काटेरी बाभूळ, बांधकामाचा राडारोडा आणि मोकाट जनावरे यांसाठी. पुष्कळ गावांत ले-आउटमधील सर्वांत वेडावाकडा, नाल्याकाठचा, विकला न जाणारा कोपरा या कामी येतो. काही वर्षांनी त्यावर पाण्याची टाकी येते, सभागृह येते, नाहीतर कोणाचा गोठा सरकत सरकत आत येतो. नकाशावर हिरवा रंग कायम असतो.

पाण्याची अडचण आम्ही जाणून आहोत. तालुक्याच्या उत्तरेस पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीच्या पाण्यावर विलायती हिरवळ पोसण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. परंतु सावलीस हिरवळ लागत नाही. निंब, करंज, चिंच, बाभूळ ही या मातीची झाडे आहेत. पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना हात दिला की पुढे ती आपल्याला हात देतात. शेगावी श्रीगजानन महाराज संस्थानाने आनंदसागर उभारून दाखविले, तेव्हा या जिल्ह्याच्या मातीत उद्यान होत नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. गावोगाव आनंदसागर व्हावा ही अपेक्षा नाही. गल्लीगल्लीत एक पार व्हावा, एवढी आहे.

म्हणून नगरपरिषदेस आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. गावातील प्रत्येक ले-आउटच्या मोकळ्या जागेची यादी क्षेत्रफळासह जाहीर करावी आणि त्या जागेवर तशी पाटी उभारावी. पाटी एवढीच एक, ‘ही जागा सर्वांची आहे’ असे सांगणारी. अशा जागेवर सिमेंटचा एकही ठोकळा बसविण्यापूर्वी सावलीची झाडे लावावीत, आणि ठेकेदाराचे देयक रोपांच्या संख्येवर न देता तीन उन्हाळे जगलेल्या झाडांवर द्यावे. बाके पाठीची असावीत व ती झाडाखाली असावीत. जुनी झाडे तोडण्याच्या परवानगीचे अर्ज १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे काटेकोरपणे तपासावेत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा मान दिला आहे, तो कागदावर राहू देऊ नये. आणि उद्या बहुमजली इमारतीचा नकाशा मंजुरीस येईल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की यातील बाग कोणत्या मातीवर आहे, आणि तेथे दुपारी चार वाजता सावली कोठे पडते.

नागरिकांकडेही थोडे मागणे आहे. सदनिका घेताना आपण फरशी ठोकून पाहतो, नळाचे पाणी पाहतो, किमतीत दहा वेळा घासाघीस करतो. बागेचे मात्र चित्र पाहून समाधान मानतो. यापुढे घर ठरविण्यापूर्वी एकदा उन्हाच्या वेळी त्या बागेत जाऊन अर्धा तास बसावे, आणि शक्य तर घरातील वृद्ध माणसास बरोबर न्यावे. त्यांना तेथे बसवले, तर घर घ्यावे.

पुढल्या मृगात ही मंडळी पुन्हा परत येतील आणि आम्ही त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारू. मुंबई-पुण्याच्या बागांविषयी त्यांचे उत्तर बदलणे आपल्या हाती नाही. त्यांच्या स्वत:च्या गल्लीतील मोकळ्या जागेत एक निंब आणि त्याखाली एक ओटा असणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारी जमीन कायद्याने आपल्याला दिलेली आहे. ती आज राखली नाही, तर उद्या दोष देण्यास दुसरे कोणी सापडणार नाही.